ताप नव्हता

रिहे, ७ सप्टेंबर २००८

नलूआत्या,

मनीषला ताप होता का?

बाकीचं सगळं खाली लिहिते. पण तू पत्र अर्धवट वाचून ठेवून दिलंस तरी एवढा प्रश्न वाचला जावा, म्हणून तो आधी लिहिला. पत्ता आबांनी दिला. मी मागितला तेव्हा त्यांना तो शोधावा लागला नाही. माणगाव, मुलींचं वसतिगृह, स्टेशनच्या मागं, असं तोंडपाठ सांगितलं आणि "तुझ्या आईला बोलू नगं" म्हणून गोठ्यात निघून गेले. म्हणजे तू गेल्यापासून नऊ वर्षं तो त्यांच्यापाशी होता.

रोहितला मुलगा झाला, एप्रिलमध्ये. रोहितची बायको म्हणजे आपल्या मामाची दिशा. ती परकर नेसून आपल्याकडं सुट्टीला यायची, तू तिची वेणी घालायचीस. आईचं आणि आबांचं लग्न जसं नात्यातच झालं तसंच यांचंही. मी बाळाची आत्या, म्हणून नाव मी ठेवलं, पियूष. पण बारसं बाराव्या दिवशी झालं नाही. नाळ पडली नव्हती. आई म्हणाली, "नाळ पडल्याबिगर पाळण्यात घालायचं न्हाई." महिना होत आला तेव्हा ती पडली. दिशानं आनंदानं सांगितलं, तर आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मनीषचं बारसंही असंच पुढं गेलं होतं ना? भाऊ झाला तेव्हा मी नववीत होते.

त्यानंतर पियूषचा कान वाहिला. मग मांडीवर गळू झालं. मग गालावर. एकदा छाती भरली. दरवेळी डॉक्टर काखेत थर्मामीटर लावतात आणि म्हणतात, ताप नाही, मग घाबरायचं काही कारण नाही. सगळे घरी येतात, चहा पितात. मी एकटीच घाबरते, कारण ताप नाही.

मनीष गेला तेव्हा आई भाताच्या लावणीला गेली होती आणि तो तुझ्याजवळ होता. आई अजून म्हणते, "पोरगं तापानं फणफणत व्हतं, हिला कळलं न्हाई." तू तेव्हा काय म्हणाली होतीस ते मी दाराआडून ऐकलं होतं. पण ऐकलेलं आणि इतक्या वर्षांनी आठवलेलं यांत किती अंतर पडतं, हे मी आता माझ्या कामात रोज बघते. म्हणून माझ्या आठवणीवर न जाता तुलाच विचारते.

गरज पडली म्हणून पत्र लिहिलं, असं तुला वाटेल. ते खरं आहे. गरज नसती तर आज लिहिलं नसतं. उद्या लिहीन, असं मात्र रोज म्हणत होते.

तुझी,
सुलू

*

पुणे, ५ ऑक्टोबर २००८

नलूआत्या,

कार्ड मिळालं. "ताप नव्हता. अंग गार होतं. तेव्हाही हेच सांगितलं होतं. नलिनी." मी ते खिशात घालून दिवसभर फिरले. खाली तू 'नलिनी' लिहिलंस, 'आत्या' लिहिलं नाहीस. तुझा तो हक्क आहे.

मी काय काम करते ते सांगते, म्हणजे मी का विचारलं ते कळेल. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी पीएच.डी. करते आहे. आमच्या मॅडमचं नाव रजनी. त्या फार बोलत नाहीत, पण बोलल्या की दोन दिवस ते कानात राहतं. आम्ही रक्तातल्या बी पेशी बघतो. ज्या पेशी जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतात त्या. प्रत्येक बी पेशीला एकच कुठला तरी विशिष्ट शत्रू ओळखता येतो आणि त्याची गाठ पडायला वेळ लागतो. पण त्याशिवाय तिच्याजवळ एक फार जुनी जाण असते, जन्माबरोबर आलेली. जंतू कुठलाही असो, हे आपल्यातलं नाही, एवढं तिला त्यातून लगेच समजतं. ती जाण जागी झाली की निरोप पेशीच्या आत जातो, पेशी उठते, वाढायला लागते. रक्तातल्या इतर पेशींनाही हीच जाण असते, आणि त्यांना निरोप पोचला की अंग तापतं.

आता काही थोडी मुलं अशी सापडली आहेत की त्यांच्यात जाण शाबूत असते, पण निरोपच आत पोचत नाही. मधल्या साखळीतलं एखादं प्रथिन बिघडलेलं असतं. अंगात पू होतो, जंतू रक्तात जातो, पण ताप येत नाही. अशा मुलांची नाळ उशिरा पडते असंही एका शोधनिबंधात एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ वाचली आणि मी ग्रंथालयातून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मुलांच्या एका डॉक्टरांशी बोलून रीतसर परवानगी काढली. पियूषचं थोडं रक्त घेऊन त्यातल्या बी पेशींना आम्ही जंतूच्या डीएनएसारखा एक बनवलेला तुकडा देणार. निरोगी माणसाच्या पेशी तो तुकडा मिळाला की दुसऱ्या दिवशी अंगावर एक खुणेचं प्रथिन चढवतात. यंत्रात ते दिसतं. पियूषच्या पेशींनी ते चढवलं, तर माझी भीती खोटी. नाही चढवलं, तर त्याला काय झालंय ते कळेल, आणि त्याला सांभाळता येईल. आणि मनीषला काय झालं होतं, तेही कळेल.

एक विचारू? ताप नव्हता, तर त्याला बरं नाही हे तुला कशावरून कळलं? तू त्याला उचलून पौडाच्या रस्त्यापर्यंत पळत गेली होतीस, एवढं मला आठवतं. काहीतरी दिसलं असणार.

काल भाकरी करताना उगीच पाठ ताठ धरून बसले. तू चुलीपुढं भाकऱ्या थापायचीस आणि मी मागं बसून तुझ्या पाठीवर बोटानं अक्षरं काढायची. तू न बघता ओळखायचीस. चुकलं की पाठ हलवायचीस, म्हणजे पुसलं. शाळेत घातलं तेव्हा मला सगळं लिहिता येत होतं, तरी मी रडले. पाटी गार होती, आणि चुकलं तर ती काही सांगत नव्हती.

सुलू

*

पुणे, २ नोव्हेंबर २००८

आत्या, आत्या,

तू खरं बोलत होतीस.

हे पत्र मी संस्थेतच बसून लिहिते आहे. दिवाळीमुळं इथं कुणी नाही, मॅडमही गावाला गेल्या आहेत. त्या आल्यावर त्यांना दाखवून मग लिहायला हवं होतं. पण मला थांबवत नाही. रोहितनं पियूषचं रक्त आणून दिलं. शेजारी तुलनेला मी माझं स्वतःचं रक्त लावलं. माझ्या पेशींनी खूण चढवली. पियूषच्या पेशींनी काहीच केलं नाही. काहीच नाही. यंत्राच्या पडद्यावर माझ्या पेशींच्या आलेखाचा डोंगर उजवीकडं सरकला आणि त्याचा जिथं होता तिथंच बसून राहिला.

म्हणजे मनीषलाही ताप येऊच शकत नव्हता. तुझा हात बरोबर होता. तुझ्या हाताला जे गार लागलं ते गारच होतं. आई घरात असती तरी तिलाही गारच लागलं असतं. त्या दिवशी सगळ्या आळीसमोर तुला जे बोललं गेलं, "स्वतःला मूल न्हाई, हिला काय कळनार पोराचं," ते सगळं चूक होतं. मी हे आईला सांगणार आहे, आबांना सांगणार आहे. तू परत ये. तुझी खोली कुणाला भाड्यानं दिलेली नाही. शेजारच्या माण गावात सगळ्यांनी खोल्या आयटीवाल्या पोरांना दिल्या, आपल्याकडंही विचारायला आले होते, आबा 'न्हाई' म्हणाले. कारण सांगितलं नाही.

मी हसते आहे आणि रडते आहे, अक्षर वाईट येतंय.

तुझी सुलू

*

पुणे, २३ नोव्हेंबर २००८

नलूआत्या,

तुझं पत्र काल मिळालं. तू लिहिलंस की वसतिगृहातल्या सगळ्या मुलींना तू शिरा करून घातलास. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं तर सांगितलं नाहीस. शेवटी 'तुझी आत्या' लिहिलंस.

मला आता जे लिहायचं आहे ते मी लिहिलं नाही, तर मला तुझं हे पत्र सांभाळायचा हक्क राहणार नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं ते सिद्ध झालेलं नाही.

मागच्या आठवड्यात शनिवारी घरी गेले होते. रोहित दूध घालून आला, हात धुताना सहज म्हणाला, "त्या दिवशी बाळाचं रक्त चांगलं टिकलं ना? कॅनमधी बर्फ घालून आनलं व्हतं. लादीलाच टेकवून ठेवलं."

मी म्हणाले, "बर्फात? तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? दूध नासतं, तर रक्त नासायचं न्हाई व्हय? हिंजवडीपातुर दूध नेतो रोज, मला काय कळत न्हाई? तुज्या दारात आल्यावर पुसून दिलं, तुला ओलं दिसू नये म्हणून."

"रक्त बर्फात ठेवायचं नसतं, रोहित. साध्या हवेतच आणायचं असतं."

"मंग लई शिकलीस ती, एवढं सांगाया का इसारलीस?"

बरोबर आहे. मी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, न सांगता कळेल. आपल्या घरात दूध कसं राखायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि त्यानं मायेनं तेच केलं. मी पेशी जिवंत आहेत का ते तपासलं होतं, जिवंत होत्या. पण इतक्या गारठलेल्या पेशी जिवंत असूनही कशालाच उत्तर देत नाहीत. माझं रक्त मात्र कधी बर्फाजवळ गेलंच नव्हतं. त्यामुळं ती तुलना तुलनाच नव्हती.

आणखी एक आहे. पेशींना हाक मारायची दुसरी एक वाट असते. या बिघडलेल्या साखळीला न लागता ती आत जाते. एका वाटीत तसंही करून बघायला हवं होतं. तिथं त्या उठल्या असत्या तर कळलं असतं की पेशी धड आहेत, बिघाड पहिल्या वाटेवरच आहे. रक्त थोडं होतं म्हणून मी ती वाटी लावली नाही. मॅडमनी विचारलं, "ती का नाही लावली?" मग म्हणाल्या, "घरी अजून कुणाला सांगितलं नाहीस ना?" मी म्हटलं, सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

मागचं पत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही, आत्या. ते खरं ठरलेलं नाही, एवढंच. पियूष धडधाकट झाला की पुन्हा रक्त घेऊ. तोवर तू दोषी नाहीस असं मला वाटतं, पण मला वाटणं हा काही पुरावा नव्हे. तुला तर निकाल मिळायला हवा.

शिऱ्याचं वाचून मी जेवले नाही. हे लिहू नये असं वाटत होतं, पण लपवायचंही नाही.

सुलू

*

रिहे, ११ जानेवारी २००९

नलूआत्या,

तुझं उत्तर नाही. मी रागावण्याच्या लायक आहे, तेव्हा हे गाऱ्हाणं म्हणून लिहीत नाही.

इथं पियूषला बरं नव्हतं, पुन्हा कान. आता बरा आहे. मॅडम म्हणतात, अजून थोडे दिवस थांबू. दिशा रात्रंदिवस त्याच्या कपाळाला हात लावत असते. मी तिला सांगते, कपाळ बघू नकोस. मग ती विचारते, "मंग काय बघू, ताई?" निबंधांत पेशींचं लिहिलेलं असतं. आईनं मांडीवर घेतलेल्या पोरात काय बघायचं, ते कुणी लिहिलेलं नाही.

आईला कळलं आहे की मी तुला लिहिते. मीच सांगितलं. ती पावटे सोलत होती.

"लिही की. मी काय हात धरलाय?"

मी म्हणाले, "आई, तुला तिला काही विचारायचं असलं तर सांग."

"इचार तिला, माझं पोर का गेलं."

"तेच विचारते आहे."

"आन् ती काय म्हनती?"

"ताप नव्हता म्हणते."

आईनं शेंगा बाजूला सारल्या. "ताप नव्हता तर मंग कशानं गेलं? सांग की तू. लई मोठी सायंटिस." मग, माझ्याकडं न बघता, "आनून दिला तवा त्याचा पाय गार व्हता. मला वाटलं मेल्यावर गार झाला."

हे ती पहिल्यांदा बोलली. मी तिनं सारलेल्या शेंगा ओढून सोलायला लागले.

मला दुसरीच एक चिंता आहे, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू? हा दोष असलाच, तर तो एकाकडून येत नाही. आईकडून अर्धा आणि आबांकडून अर्धा आलेला असतो, तेव्हाच मूल आजारी पडतं. नात्यात लग्नं झाली की असे दोन अर्धे एकत्र यायची शक्यता वाढते. रोहित आणि दिशाचंही तेच. तुझ्यात असेल, माझ्यात असेल. आजवर आईनं सगळं तुझ्यावर टाकलं. उद्या मी तुला मोकळी केली आणि तिनं ते सगळं उचलून स्वतःच्या अंगावर घेतलं, तर? कुणाचीच चूक नाही हे वाक्य मला नीट सांगता आलं पाहिजे. मी ते मोठ्यानं म्हणून बघते, प्रत्येक वेळी खोटं वाटतं.

खोरं आता धुक्यात आहे. खाचरं रिकामी आहेत, कडेला वाल लावलाय. तुला ती वेळ आवडायची, म्हणायचीस, आता जमीन आपली आपण बसली आहे. परवा बांधावर एक बाई पाठमोरी दिसली, पदर खोचलेला, आणि मी धावत सुटले. भैरूकाकांची सून होती. ती हसली, "कुनी वाटले वो मी?" मी म्हटलं, कुणी नाही.

माझा प्रश्न तोच आहे. तुला त्या दिवशी कशावरून कळलं? माझ्यासाठी उत्तर देऊ नकोस. दिशासाठी दे.

सुलू

*

पुणे, १५ फेब्रुवारी २००९

आत्या,

तुझं पत्र आलं आणि आठवड्याच्या आत ते आमच्या कामी आलं. सगळं सांगते, घाबरू नकोस, पियूष आता बरा आहे.

तुझं पत्र मी दिशाला वाचून दाखवलं. तू लिहिलंस, "तो दूध पीत होता, माझ्याकडं बघून हसतही होता, म्हणून मलाही आधी काही वाटलं नाही. पण पाय खेळवत नव्हता. एरवी लंगोट सोडला की दोन्ही पाय मारायचा. त्या दिवशी उजवा नुसता पडून होता. मी तो पाय उचलला तर रडला नाही, श्वास धरला. मला तो धरलेला श्वास आवडला नाही, म्हणून उचलून पळाले. रस्त्यावर जीप मिळेतो उशीर झाला होता. हे मी तेव्हा सांगायला गेले, पण ताप किती होता, एवढंच सगळे विचारत होते." दिशानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिनं पियूषचा लंगोट सोडला आणि तो पाय मारताना आम्ही दोघी बघत बसलो.

पुढच्या गुरुवारी तिचा फोन आला. "ताई, डावा हात उचलत न्हाई. अंग गार हाय, हसतुया. पन हात उचलला की श्वास धरतुया." मी म्हणाले, निघा. आईनं अडवलं, "ताप न्हाई काय न्हाई, एवढं कशाला पळताय?" तेव्हा दिशा, जिनं आजवर आईपुढं तोंड उघडलं नाही, ती म्हणाली, "नलूआत्यांनी लिवलंय. मी चालले." आणि रोहितच्या मागं मोटरसायकलवर बसली.

पुण्याच्या इस्पितळात खांद्याच्या सांध्यात पू निघाला. थर्मामीटरमध्ये ताप नाही. रक्ताच्या तपासणीत सूज दाखवणारा आकडा जवळजवळ नाहीच. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला पू दिसत होता आणि आकडा पटत नव्हता. मी त्यांना मॅडमचा फोन लावून दिला. वेळेवर औषध सुरू झालं. एक दिवस उशीर झाला असता तर रक्तात पसरलं असतं, असं ते म्हणाले.

काल, तो सावरल्यावर, पुन्हा रक्त घेतलं. रोहितनं नळी शर्टाच्या खिशात ठेवली, वर रुमाल, आणि एका हातानं खिसा धरून मोटरसायकल चालवत आला. म्हणाला, "कोंबडीच्या अंड्यागत आनलंय, बघ. बर्फाच्या दुकानावरनं आलो, पन तिकडं बघितलं सुदिक न्हाई." मी तीन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

या वेळी दुसऱ्या वाटेची वाटीही लावली आहे. माझं रक्तही पियूषच्या शेजारीच काढलं आणि त्याच खिशातून आणवलं. निकाल काय येतोय ते मी या पत्रात लिहिणार नाही. तू शिरा करू नकोस.

तुझी सुलू

*

रिहे, २२ मार्च २००९

नलूआत्या,

मॅडमनी बघितलं. त्यांच्या हातानं पुन्हा केलं. नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेतही झालं. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आता लिही घरी."

पियूषच्या बी पेशी धड आहेत. दुसऱ्या वाटेनं हाक मारली तेव्हा त्या उठल्या, अगदी माझ्यासारख्याच. जंतूच्या खुणेनं हाक मारली तेव्हा उठल्या नाहीत. निरोप आतल्या साखळीत अडतो. नेमकं कुठलं प्रथिन, ते कळायला अजून काही महिने लागतील. पण त्याला ताप येत नाही, आणि तो का येत नाही, हे आता माझं वाटणं राहिलेलं नाही.

मनीषचं रक्त कुणाकडं नाही, म्हणून त्याचं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तीच नाळ, तसंच घराणं, तसाच गार पाय. मॅडमना विचारलं, हे लिहू का? त्या म्हणाल्या, "एवढं लिहायला हरकत नाही." तेव्हा लिहिते. त्याला ताप नव्हता. तू बघितलंस ते होतं तसंच बघितलंस.

पियूषला रोज औषध द्यायचं आहे, लसी टोचायच्या आहेत, आणि काही वर्षं फार जपायचं आहे. अशी फार थोडी मुलं आजवर नोंदली गेली आहेत. पण जी मोठी होतात त्यांचं दुखणं वयाबरोबर कमी होत जातं, असं दिसलं आहे. दिशा आता कपाळाला हात लावत नाही.

आईला काल सांगितलं. आबा होते, रोहित होता. मी खूप तयारी केली होती. अर्धं अर्धं दोघांकडून येतं, यात कुणाची चूक नसते, वगैरे. आईनं सगळं ऐकलं. मग एकच विचारलं.

"म्हंजी मी घरी असते तरी?"

"तरी तुलाही कळलं नसतं, आई. कदाचित आत्यापेक्षा उशिरा कळलं असतं."

आबा म्हणाले, "मी तवाच म्हनलो व्हतो."

"तुमी काय म्हनला व्हता?" आई त्यांच्यावर उसळली. "तुमी एक शबूद बोलला न्हाई. तोंडात गुळणी धरून बसला व्हता. बोलला असता तर वन्सं गेल्या असत्या का?"

वन्सं. हा शब्द या घरात नऊ वर्षं कुणी ऐकला नव्हता. आबांनी मान खाली घातली. आई उठून मागच्या दारी गेली. मी मागं जाणार होते, दिशानं माझा हात धरला.

आज सकाळी आईनं रोहितला विचारलं, "पौडातनं माणगावची गाडी कितीला असती?" तो म्हणाला, "मी सोडतो की." तर म्हणाली, "नगं. मी एकली जानार." शनिवारी निघणार आहे. मला बजावलं, "तिला कळवू नगं. मी बोलंन काय बोलायचं ते. तू मधी पडू नगं."

मी आयुष्यात पहिल्यांदा आईचं ऐकत नाही. हे पत्र उद्या सकाळच्या टपालात पडेल, म्हणजे तिच्या आधी पोचेल. ती माफी मागेल असं मी तुला सांगत नाही. ती काय बोलेल ते मला ठाऊक नाही, तिलाही नसावं. तू परत येशील का, हेही विचारत नाही. मला तू हवी आहेस, फार, पण तो माझा आणि तुझा प्रश्न आहे, तो मागून बघू.

एवढंच कर. ताम्हिणीच्या वळणांनी तिला घाट लागतो. गाडीतून उतरली की बराच वेळ ती पदर तोंडाला लावून खांबाला टेकून उभी राहते, तोंडातून शब्द फुटत नाही. तू स्टँडवर जा. ती बोलायची वाट बघत बसू नकोस, आधी तूच बोल.

तुझी,
सुलू